नाव नोंदवण्याआधी : मेथडिस्ट मंडळीत नव्या माणसांचं स्वागत

प्रश्न : पुणे परिसरातल्या एका मराठी मेथडिस्ट मंडळीच्या पास्टोरेट कमिटीवर नव्याने आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे : आमच्याकडे दर महिन्याला दोन-तीन नवी कुटुंबं उपासनेला येतात. त्यांना पुढे बोलावून ओळख करून देतो, टाळ्या होतात, गुलाबाचं फूल देतो, नंतर चहा. चार-सहा रविवार ती दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. जी राहतात त्यांना सभासद कधी करून घ्यायचं यावरून कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, नावं लगेच घ्या, नाहीतर दुसऱ्या चर्चला जातील. दुसरा म्हणतो, वर्षभर पारखू. आम्ही काय करावं?

ताई, जय ख्रिस्त.

तुमचे दोन्ही तट रजिस्टरवरून भांडताहेत, आणि माणसं रजिस्टरपर्यंत पोहोचायच्या आतच गळताहेत. त्यामुळे नाव कधी घ्यायचं हे जरा बाजूला ठेवू, त्याच्याकडे मी येतोच. मुंबईत आणि पुण्यात ले लीडर (पाळक नसलेल्या सभासदांचा प्रमुख) म्हणून आणि पुढे सभासदत्वाचे वर्ग घेताना जे पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालंय. नवा माणूस पहिल्या रविवारच्या स्वागतामुळे टिकत नाही आणि त्यात काही राहिलं म्हणून जातही नाही. तो जातो दुसऱ्या आणि दहाव्या रविवारच्या मध्ये. त्या दिवसांत मंडळीतल्या एखाद्या घराने त्याला आत घेतलं, तर तो राहतो.

हे काही माझं डोकं नाही, मेथडिस्टांची ती जुनी रीत आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही परवडणार नाही. तेव्हा फॉय म्हणाला, सगळ्यात गरीब ११ जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन. अशा सगळ्या मंडळीच्या बारा-बारा जणांच्या तुकड्या पडल्या. पेनी मागायला घरोघर गेलेल्या लोकांना काय दिसलं? एका घरी नवरा-बायकोचं भांडण, दुसऱ्या घरी दारू. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली हे ऐकून चमकला. चर्चमध्ये बसून जे कधीच कळलं नसतं ते वर्गणीच्या निमित्ताने कळलं होतं. मेथडिस्टांची प्रसिद्ध ‘क्लास मीटिंग’ इथून निघाली. आपल्या पंथाची सगळ्यात आध्यात्मिक समजली जाणारी व्यवस्था कर्जवसुलीतून जन्मली, याची मला नेहमी गंमत वाटते. पण मुद्दा घरी जाण्याचा आहे.

पुढच्याच वर्षी, १७४३ मध्ये, वेस्लीने मंडळ्यांसाठी नियम लिहिले. आत येऊ इच्छिणाऱ्याला अट एकच : पापांपासून सुटका व्हावी ही मनापासून इच्छा. आत राहायचं असेल तर ती इच्छा तीन गोष्टींत दिसली पाहिजे. कोणाचं वाईट करू नका, जमेल तितकं भलं करा, आणि उपासना, प्रार्थना, वचन, प्रभुभोजन ही देवाने दिलेली साधनं सोडू नका. म्हणजे उंबरा ठेंगणा आणि घरातली शिस्त कडक. आपण नेमकं उलट करून ठेवलंय. येणाऱ्याला विचारतो, तुम्ही कोणाचे, कोणाच्या ओळखीने आलात, आधीच्या मंडळीचं पत्र कुठाय. आणि एकदा का नाव चढलं, की तो माणूस दोन वर्षं आला नाही तरी विचारायला कोणी जात नाही.

आपल्याकडची सुरुवातही घरांतूनच झाली. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला. त्याच्या सभांतून पुढे आलेल्या लोकांचे लहान लहान गट केले गेले आणि ते खासगी घरांत जमू लागले. शहरात पूर्वीपासून काम करणारे मिशनरी जॉर्ज बोवेन यांच्यासारखे लोक त्या कामात आले. मेथडिस्ट मंडळी म्हणून रीतसर स्थापना झाली ती १८७२ च्या फेब्रुवारीत. तोवर गट चालूच होते.

आणखी एक कारण आहे आणि ते खास आपलं आहे. आपल्याकडे पाळक बदलतात. बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि पाळकसाहेबांचा टेम्पो दुसऱ्या गावाला निघतो. नव्या कुटुंबाची ओळख फक्त पाळकांशी झालेली असेल, तर बदलीनंतर ते कुटुंब जवळजवळ नक्की सुटतं. ‘आम्ही त्या पाद्रीसाहेबांमुळे येत होतो’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. म्हणून स्वागत हे पाळकांचं काम आहे असं कमिटीत कोणी म्हणालं, तर त्यांना विचारा, पाळक गेल्यावर कोणाचं?

आता पहिल्या रविवाराकडे येऊ. पुढे बोलावणं बंद करा. ज्यांना मंडळीची सवय आहे, जे सीएनआयमधून (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा दुसऱ्या गावच्या मेथडिस्ट मंडळीतून आलेत, त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट आवडतं. पण जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये आलाय, शेवटच्या बाकावर टोकाला बसलाय आणि दाराकडे लक्ष ठेवून आहे, त्याला दीडशे लोकांसमोर माईक दिला तर पुढच्या रविवारी तो येत नाही. वेस्लीच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची संध्याकाळ घ्या. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेला तो गेला, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की मन नसताना गेला. तिथे कोणीतरी रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं, आणि ऐकता ऐकता त्याच्या अंतःकरणाला ऊब जाणवली. त्या सभेत कोणी त्याला उभं करून ‘आज आपल्यात पाहुणे आलेत’ म्हणून टाळ्या पिटल्या असत्या तर काय झालं असतं, कोण जाणे. मन नसताना आलेल्या माणसाला गुपचूप बसू द्यावं.

दारात कोण उभं राहतं ते पाहा. बहुतेक ठिकाणी कमिटीतले ज्येष्ठ पुरुष सूट घालून उभे असतात आणि आपसात बोलत असतात. मी दारात एक जोडपं ठेवायचो. शक्यतो असं, की जे स्वतः दोन-तीन वर्षांपूर्वी नवे होते. त्यांना एकच काम. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकाची प्रत हातात द्यायची आणि पहिलं गीत काढून द्यायचं. वरवर हे क्षुल्लक वाटतं. पण बोर्डावर नुसते आकडे असतात, सगळे फटाफट पान काढून उभे राहतात आणि नवी बाई पुस्तक चाळत राहते. शेजारचीने तिच्याकडचं उघडं पुस्तक पुढे केलं आणि बोटाने ओळ दाखवली, की अर्धं काम झालं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं मराठी माणसाच्या कानाला परकी वाटत नाहीत, भजनाच्या चालीवरची तर अजिबात नाहीत. हिंदू घरातून आलेली बाई तिसऱ्या कडव्याला गुणगुणायला लागलेली मी पाहिली आहे.

आता थोडं टोचेल असं लिहितो. ‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं? नगरकडचे का?’ हे आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले नेहमीचे प्रश्न. विचारणारा म्हणेल, ओळख काढत होतो, नातं निघतं का पाहत होतो. ते खरंही असतं. पण ऐकणाऱ्याला त्या प्रश्नाचा दुसरा अर्थ चांगला कळतो, कारण आयुष्यभर शाळेत, नोकरीत, भाड्याचं घर शोधताना तो प्रश्न त्याला त्याच अर्थाने विचारला गेलाय. चर्चच्या दारात तरी तो नको. पहिलं नाव विचारा, कुठे राहता विचारा, घरी परत जायला बस आहे का विचारा. आडनाव आपोआप कळतं, त्याची घाई कशाला?

तसंच कपाळावरच्या कुंकवाचं. आपल्या मावश्यांपैकी एखादी हमखास प्रेमाने सांगते, ‘पुढच्या वेळी हे पुसून ये हं.’ ती बाई पुढच्या वेळी येत नाही. ती घरी काय सांगून आलीय, सासूला काय वाटेल, हे आपल्याला ठाऊक नसतं. या गोष्टी शिकवणीत येतात, सावकाश येतात आणि पुष्कळदा त्या व्यक्तीच्याच तोंडून येतात. मंगळसूत्राबद्दल तर बोलूच नये. आपल्या कितीतरी बायकांच्या गळ्यात ते आहेच.

फोटोंचं तर अगदी कडक ठेवा. नव्या माणसाचा फोटो चर्चच्या फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला विचारल्याशिवाय जाता कामा नये. कोणी घरी न सांगता आलेलं असतं, कोणाच्या गावात तेवढ्यावरून बोलाचाली होते. शिवाय पहिल्याच दिवशी ग्रुपमध्ये घातलं, की त्या माणसाला सकाळी सहापासून वचनं, वाढदिवस आणि अंत्यविधीच्या बातम्या सुरू होतात, आणि त्यातलं एकही नाव त्याच्या ओळखीचं नसतं. त्याने स्वतः मागितल्यावर ग्रुपमध्ये घ्यावं.

महिन्याचा पहिला रविवार बहुतेक ठिकाणी प्रभुभोजनाचा. नव्या माणसाची सगळ्यात मोठी फजिती इथे होते. बाकांच्या रांगा एकेक करून उठतात, लोक पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकतात, तबकात इवले इवले पेले असतात, आणि हा बसून राहतो. आजूबाजूचे पाय आखडून त्याला वाट करून देतात, म्हणजे तो बसलाय हे सगळ्यांना दिसतं. उपासनेच्या आधीच कोणीतरी त्याला दोन वाक्यांत सांगावं. मेथडिस्टांचं मेज उघडं आहे. जे मनापासून पश्चात्ताप करतात, शेजाऱ्याशी सलोख्याने राहतात आणि देवाच्या मार्गाने चालायचं ठरवतात, त्यांना तिथे बोलावणं असतं, आणि निमंत्रणाचे शब्दही तसेच आहेत. वेस्ली तर प्रभुभोजनाला माणूस पालटवणारं साधन मानत असे, फक्त पालटलेल्यांचं बक्षीस नव्हे. बाप्तिस्मा न झालेल्याने घ्यावं का, याबद्दल तुमच्या पाळकांची रीत काय आहे ते आधी त्यांना विचारून घ्या आणि दारातल्या जोडप्याला नीट सांगून ठेवा, म्हणजे एकजण हो म्हणतोय आणि दुसरा डोळे वटारतोय असं होणार नाही. आणि हे जरूर सांगा, की पेल्यात द्राक्षाचा रस असतो, दारू नाही. नवऱ्याच्या दारूपायी हैराण झालेल्या बाईला त्या एका वाक्याने केवढा धीर येतो!

पहिल्या रविवारचं एवढं पुरे. खरी मेहनत पुढे आहे.

त्याच आठवड्यात, बुधवार-गुरुवारपर्यंत, दोघांनी त्या घरी जावं. पाळकांनी नको, आधी मंडळीतल्या दोघांनी. फोन करून जावं, अर्धा तास बसावं, चहा दिला तर घ्यावा. न घेण्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. वर्गणीचं पाकीट, हंगामाच्या सणाची पावती, कॅरल पार्टीचं वेळापत्रक यातलं काहीही सोबत नेऊ नये. प्रार्थना करू का, असं विचारावं, आणि ते नको म्हणाले तर हसून उठावं. प्रार्थना केलीच तर दोन मिनिटांची, त्या घरातल्या माणसांची नावं घेऊन. पंचवीस मिनिटांच्या प्रार्थनेत शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवणारे आपल्यात आहेत. त्यांना या कामावर पाठवू नका.

मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांना कोणाच्या तरी घरी जेवायला बोलवावं, आणि तिथून घरप्रार्थनेच्या गटात. तुमच्याकडे कॉटेज मीटिंग चालत असेलच. पण ती खरंच गट आहे का, ते पाहा. बहुतेक ठिकाणी ती फिरती उपासना झाली आहे. चाळीस माणसं, गाद्या घातलेल्या, पाळकांचा संदेश, मग पोहे आणि केळी. त्यात नवा माणूस चर्चमध्ये जसा मागे बसतो तसाच दाराजवळ बसतो. मी म्हणतो ती बारा जणांची बैठक. भागाप्रमाणे करा : धानोरीचे वेगळे, वाकडचे वेगळे, हडपसरचे वेगळे. पंधरवड्यातून एकदा, तास-सव्वा तास. एक उतारा वाचायचा आणि प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे ‘देवाच्या कृपेने बरं चाललंय’ म्हणतात. कोणीतरी जुना माणूस जेव्हा म्हणतो, ‘मुलाशी बोलणं बंद आहे, काय करू कळत नाही’, तेव्हा गट सुरू होतो. त्या जुन्या माणसाला आधी एकट्यात गाठून तयार करावं लागतं. ते काम गटप्रमुखाचं.

गटप्रमुख निवडताना कमिटीतलं पद बघू नका. चांगलं बोलणाराही नको, त्याचा गट लवकर प्रवचन होतो. जो घरी जातो, हॉस्पिटलात बसतो, कोणाच्या तरी रेशनकार्डासाठी तहसीलात खेटे घालतो, तो माणूस. स्त्रिया यात पुष्कळ पुढे आहेत. डब्ल्यूएससीएसच्या, म्हणजे आपल्या स्त्रीसंघाच्या, बायकांना मी न विचारता या कामात धरत असे. तरुणांसाठी एमवायएफ (मेथडिस्ट तरुण संघ) आहे, पण एकट्याने राहणारा नवा मुलगा, म्हणजे हिंजवडीत नोकरीला लागलेला आणि चौघांत फ्लॅट घेऊन राहणारा, त्याला तरुण संघापेक्षा रविवारच्या घरच्या जेवणाची जास्त गरज असते.

महिन्या-दीड महिन्यात त्याला काम द्या. खुर्च्या लावणं, संडे स्कूलच्या मुलांना खाऊ वाटणं, साउंड सिस्टीमची वायर गुंडाळणं, काहीही. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. ज्या दिवशी एखादी मावशी त्याला म्हणते, ‘अरे, ती सतरंजी उचल रे’, त्या दिवशी तो पाहुणा राहत नाही. मात्र शिकवण्याचं, पैशाचं आणि मुलांना एकट्याने सांभाळण्याचं काम नव्या माणसाला देऊ नये, तो कितीही गुणी असो. तिथे वेळ घ्यावाच लागतो.

आता रजिस्टर. येणारे सगळे एका जातकुळीचे नसतात, त्यांची गल्लत करू नका.

दुसऱ्या मेथडिस्ट मंडळीतून बदलीचं पत्र घेऊन आलेल्याला थांबवण्याचं कारण नाही. पत्र वाचून दाखवा आणि घ्या. आपल्या शहरांत असे पुष्कळ येतात. बिदर, कलबुर्गी, हैदराबाद, नडियाद, बरेलीकडे आपल्या मंडळीचं काम जुनं आणि मोठं आहे, आणि तिथली पोरं नोकरीसाठी पुण्यात येतात. त्यांना मराठी उपासना कळत नाही म्हणून ती निघून जातात असं आपण म्हणतो. खरं तर कोणी हिंदीत दोन शब्द बोललं नाही म्हणून जातात.

सीएनआयमधून आलेल्यांचंही पत्रावरच. १९७० साली उत्तर भारतातल्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेची मंडळी त्यात गेली आणि आपली, अमेरिकन परंपरेची, बाहेर राहिली. पुढे १९८१ मध्ये ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाली. त्यामुळे कारभार वेगळा, पण घरं एकमेकांत मिसळलेली. नगरकडच्या अर्ध्या घरांत सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे. तिथे फार काही शिकवावं लागत नाही, आपली बिशप आणि कॉन्फरन्सची पद्धत तेवढी सांगावी.

वसईहून लग्न होऊन आलेली कॅथलिक मुलगी किंवा पेंटेकॉस्टल संगतीतून आलेलं कुटुंब यांचा बाप्तिस्मा झालेला असेल, तर पुन्हा करायचा नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा आपण मानतो, मग शिंपडून असो वा बुडवून. इथे उलट दबावही येतो. काही जण म्हणतात, लहानपणीचा माझा धरू नका, मला आता नदीत घ्या. समजावून सांगावं, पण भिडेपोटी दुसऱ्यांदा करू नये. ही मंडळी विश्वासाची कबुली देऊन सभासद होतात.

आपल्याच घरात जन्मलेली मुलं मात्र आपण विसरतो. बाळपणी बाप्तिस्मा झाला की ती प्रिपरेटरी मेंबर. पुढे शिकवणी घेऊन स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यावर फुल मेंबर. दहावीच्या क्लासच्या धबडग्यात ती शिकवणी राहते, आणि मग लग्न ठरल्यावर वडील धावत येतात की दाखला हवाय. नव्यांच्या वर्गात या मुलांनाही बसवा. बाहेरून आलेल्या माणसाचे प्रश्न ऐकून आपल्या पोरांना पहिल्यांदा कळतं, की आपण काय मानतो.

आणि शेवटी दुसऱ्या धर्मातून आलेले. त्यांच्याबाबत सावकाशीने जाणाऱ्यांचं मला पटतं, पण ‘पारखणं’ हा शब्द मला आवडत नाही. आपण त्यांना पारखत नसतो. त्यांनी आपल्याला पारखावं म्हणून वेळ द्यायचा असतो. वर्ग आठ-दहा बैठकांचा ठेवा. प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, दोन संस्कार, वेस्लीचे तीन नियम, आणि देवाची कृपा आपण तिच्याकडे वळण्याआधीच आपल्या मागे लागलेली असते ही मेथडिस्टांची आवडती शिकवण. ही शिकवण पहिल्याच बैठकीत घ्यावी. ‘तुम्ही इथे आलात त्याच्या कितीतरी आधी देव तुमच्या आयुष्यात काम करत होता, ते कुठे दिसलं सांगा’ असं म्हटलं, की लोक बोलायला लागतात. आजीच्या अभंगापासून कोणाची तरी गोष्ट सुरू होते. ती खोडू नका.

एका बैठकीत फक्त परिणामांबद्दल बोला. आमिष, औषध, नोकरी, शाळेतला प्रवेश यांचा बाप्तिस्म्याशी काडीचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगा. अनुसूचित जातीच्या माणसाला हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना धर्माचा हा निकष नाही. राजपत्रात धर्मबदल छापायचा की नाही, मुलांच्या दाखल्यावर काय होईल, हे त्याने वकिलाला विचारून ठरवावं, आणि त्या वेळी राज्यात लागू असलेला कायदा मंडळीनेही वकिलाकडून समजून घ्यावा. काही पाळक ही गोष्ट टाळतात, माणूस मागे फिरेल म्हणून. मागे फिरला तर फिरू द्या. ‘कोणाचं वाईट करू नका’ हा आपला पहिलाच नियम आहे, आणि एखाद्याला अंधारात ठेवून त्याच्या मुलांचं शिक्षण धोक्यात घालणं यापेक्षा वाईट ते काय? अठरा वर्षांखालच्या मुलाचा आई-वडिलांच्या संमतीशिवाय विचारही नको.

काही माणसं बाप्तिस्मा न घेता वर्षानुवर्षं येत राहतात. येऊ द्या. ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावं म्हणूनच. शंभर वर्षांपूर्वी मराठी मातीत हा विचार झालेला आहे. अशा माणसाला मत देता येणार नाही, पदावर येता येणार नाही. पण घरगटात त्याची जागा कोणी काढू नये.

दाखल्यासाठी येणारेही असतात. जून महिना आला, की अल्पसंख्याक कोट्यातल्या प्रवेशासाठी पाळकांचं पत्र हवं असतं. लग्नासाठी असतात, दफनभूमीतल्या जागेसाठी असतात. त्यांच्यावर तोंडसुख घेऊ नका, त्यातलेही काही टिकतात. नियम मात्र लेखी ठेवा आणि सगळ्यांना सारखा लावा, कमिटीच्या भाच्यालाही. आणि पास्टोरेटच्या निवडणुकीच्या तोंडावर एकदम वाढणाऱ्या यादीकडे डोळे उघडे ठेवून पाहा. माझं सरळ मत : निवडणुकीच्या आधीच्या तीन महिन्यांत एकही नवं नाव घेऊ नये. तुमच्या ‘लगेच घ्या’ म्हणणाऱ्या तटाला हे नक्की ऐकवा.

तर कधी घ्यायचं? पत्रावर आलेल्याला महिन्याभरात. ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या माणसाला वर्ग झाल्यावर, साधारण सहा महिन्यांत. पूर्वी मेथडिस्टांत सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ असेच. दुसऱ्या धर्मातून आलेल्याला तो स्वतः म्हणेल तेव्हा, आणि घरगटाने ‘हा आमचा आहे’ म्हटल्यावर. गटाचं मत घेतलं, की कमिटीतली भांडणं निम्मी होतात, कारण कमिटीतल्या बहुतेकांनी त्या माणसाला ओळखलेलंच नसतं.

सभासद करून घेण्याचा विधी उपासनेच्या शेवटी पाच मिनिटांत उरकू नका. नव्या वर्षाच्या कराराच्या उपासनेला, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा म्हणायच्या उपासनेला, जोडला तर उत्तम. वेस्लीने १७५५ पासून ती चालवली आणि आपल्याकडे ती अजून होते. नवा सभासद वचन देतो : प्रार्थनेने, उपस्थितीने, दानाने आणि सेवेने मंडळीला साथ देईन. वर्गणीचं बोलणं या वचनाच्या आधीच्या आठवड्यात, वर्गात, मोकळेपणाने झालेलं असावं, म्हणजे ‘दान’ शब्दावर कोणी दचकत नाही. मग मंडळीनेही उभं राहून उत्तर द्यायचं. नंतर हात मिळवायला सगळ्यांनी रांग लावण्यापेक्षा त्याच्या घरगटातले दहा-बारा जण पुढे येऊन त्याच्या मागे उभे राहू देत.

नाव लिहिलंत तरी काम संपत नाही, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. घरगटप्रमुखाने तीन महिन्यांतून एकदा पाळकांना आपली यादी द्यावी, कोण येतंय, कोण आजारी, कोण रुसलंय. जुन्या मेथडिस्टांत दर तिमाहीला क्लासचं तिकीट नवं करून देत, त्या निमित्ताने प्रत्येकाची विचारपूस होई. तिकिटं छापायची गरज नाही, यादी पुरे.

तुमच्याकडून आधीच गळलेली जी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडेही जा. दोन बायका पाठवा, कमिटी पाठवू नका. ‘का येत नाही’ असं न विचारता ‘कसे आहात’ एवढंच विचारायचं. काही जण दुसऱ्या मंडळीत रुळलेले असतील. त्यांना परत ओढू नका. उलट त्यांचं काही पत्र, दाखला तुमच्याकडे अडकलेला असेल, तर मागायची वाट न पाहता पाळकांची सही घेऊन त्या मंडळीकडे पाठवून द्या, आणि सोबत त्यांच्या पाळकांना एक ओळ लिहा, की हे कुटुंब चांगलं आहे, मुलगी संडे स्कूलला छान गाते, तिला गायला सांगा.